एकाच माणसाच्या दोन खुर्च्या

नमस्कार, श्रोतेहो.

एका वर्षी गळीत हंगाम संपला, पावसाळा लागला, तरी आमचं ऊसबिल काही जमा होईना. वडील दोनदा कारखान्यावर जाऊन आले. शेवटी गावातल्या कुणीतरी सुचवलं, आमदारांना भेटा. वडील भेटले. आमदार तेच, चेअरमनही तेच. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा पाजला, "बघतो" म्हणाले. परतीच्या एसटीत वडिलांच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण चेअरमनची तक्रार घेऊन चेअरमनकडंच गेलो होतो.

आजचा विषय ऐकायला जड आहे: सरकारची सत्ता आणि धंद्याची सत्ता राज्यघटनेनंच वेगळी ठेवावी का? मला मात्र हा विषय त्या चहाच्या कपाएवढा साधा वाटतो.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत तो स्पष्ट शब्दांत आला होता. मांडणारे होते प्रा. के. टी. शाह, मुंबईतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. मंत्र्यानं पद घेताना आपली मालमत्ता, उद्योग, व्यापार यांतले हितसंबंध जाहीर करावेत, आणि हे घटनेतच लिहावं, असा त्यांचा आग्रह होता. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. हेतू चांगला आहे, पण एवढ्यानं भागणार नाही, असं त्यांचं म्हणणं. चलाख मंत्री मालमत्ता इकडची तिकडं करील आणि कागद कोरा दाखवील. मग बाबासाहेबांनी खरंच उपयोग व्हायचा असेल तर काय काय लागेल, ते सांगितलं. पदावर येताना मालमत्ता जाहीर करायची. पद सोडताना पुन्हा जाहीर करायची. मधल्या काळात ती अवाच्या सवा वाढली असेल, तर का वाढली याचा खुलासा देण्याची जबाबदारी मंत्र्याची. आणि खुलासा देता आला नाही, तर तो गुन्हा, त्याला शिक्षा.

एवढं सांगून ते म्हणाले, की याहून चांगला धाक आहे तो लोकमताचा. विधिमंडळात एकवटलेल्या लोकमताचा. दुरुस्ती फेटाळली गेली. गंमत बघा, नामंजूर करता करता बाबासाहेब तिचा पक्का मसुदाच सांगून गेले होते!

मग घटनेत उरलं काय? आमदार-खासदारानं सरकारात लाभाचं पद घेऊ नये, हे कलम १०२ आणि १९१ मध्ये आहे. म्हणजे सरकारी पगारापासून लोकप्रतिनिधीला दूर ठेवलं. धंद्यापासून दूर ठेवायचं काम संसदेच्या साध्या कायद्यावर सोडलं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९ अ सांगतं, की सरकारला माल पुरवण्याचं किंवा सरकारी काम करण्याचं कंत्राट ज्याच्या नावावर चालू आहे, तो अपात्र. आता कंत्राट स्वतःच्या नावावर घेईल इतका भोळा माणूस निवडणुकीला उभाच कशाला राहील? मेहुण्याच्या नावावर कंपनी असते. आणि कलम १० तर आपण मराठी माणसांनी चष्मा लावून वाचावं असं आहे. ज्या कंपनीत सरकारचं भांडवल २५ टक्के किंवा जास्त, तिचा मॅनेजर किंवा सेक्रेटरी अपात्र. पण कंसात शब्द आहेत: सहकारी संस्था सोडून.

या कंसावर तोंडसुख घेणं सोपं आहे. मी घेणार नाही, निदान पूर्ण नाही. प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटलांच्या पायपिटीवर आणि शेतकऱ्यांच्या शेअरच्या पैशावर. पण पुढं राज्यभर कारखाने वाढले ते सरकारचं भागभांडवल आणि थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर सरकार फेडेल अशी हमी, मिळाली म्हणून. सरकारनं धंद्याला हातच लावायचा नाही असं घटनेत लिहिलं असतं, तर आमच्या भागात धुराडी दिसलीच नसती. माझं शिक्षण त्याच उसाच्या बिलावर झालं, मग ते कितीही उशिरा येवो. माझी तक्रार निराळी आहे. प्रवरानगरचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ अर्थशास्त्राचे अभ्यासक होते, थकहमीच्या फाईलवर मत देणारे आमदार नव्हते. पुढं थकहमी मागणारा आणि देणारा एकाच सोफ्यावर बसू लागला. हळूहळू तो एकटाच बसू लागला.

बरं, लोकमताचा धाक. तो खरा आहे का? एकदा तरी तो खरा ठरल्याचं मुंबईनं पाहिलंय. १९५७ मध्ये सरकारी आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा या अडचणीतल्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला, तेही स्वतःच्या सासऱ्यांच्या सरकारला. चौकशी न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडं आली आणि ती मुंबईत भर गर्दीत चालली. बाहेर थांबलेल्यांना ऐकू यावं म्हणून लाऊडस्पीकर लावले होते. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सगळं काही महिन्यांत. बाबासाहेब तोवर हयात नव्हते, पण त्यांचा शब्द खरा झाला होता.

तो खरा झाला, कारण लोकांना कळलं. इथंच खरी मेख आहे. त्याच छागलांपुढं, चौकशीच्या आधी, मुंबई उच्च न्यायालयात एक प्रकरण आलं होतं. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात, म्हणजे कंपनीच्या मूळ दस्तऐवजात, बदल हवा होता. कायद्यात आडकाठी नव्हती, म्हणून कोर्टानं परवानगी दिली. पण छागलांनी बजावलं, की यात लोकशाहीला मोठा धोका आहे आणि संसदेनं लवकर लक्ष घालावं.

संसदेनं घातलं, आणि घालतच राहिली. १९६० मध्ये देणग्यांना मर्यादा. १९६९ मध्ये पूर्ण बंदी. बंदी आली म्हणजे पैसा थांबला असं कुणी समजू नये. तो बॅगेतून जाऊ लागला. १९८५ मध्ये बंदी उठली. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मर्यादा घातली, आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के. २०१७ मध्ये ती मर्यादाही गेली. कशानं गेली? वित्त विधेयकानं. अर्थसंकल्पाच्या कागदांबरोबर, धन विधेयक म्हणून. म्हणजे राज्यसभेचं मत असलं काय, नसलं काय. कोणत्या पक्षाला दिलं हे कंपनीनं ताळेबंदात सांगायची अटही त्यातच गेली, आणि निवडणूक रोखे आले, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे देणगीचे कागद. कुणी कुणाला दिले हे तुम्हाआम्हाला कळू नये, अशीच त्यांची रचना होती.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ५ न्यायमूर्तींनी ते रद्द केले. आधार काय? कलम १९, मतदाराचा माहितीचा हक्क. कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभाही त्याच निकालानं गेली. पुढच्या महिन्यात स्टेट बँकेच्या नोंदी लोकांपुढं आल्या, तोवर योजनेला ६ वर्षं होऊन गेली होती. मधल्या काळात एक लोकसभा आणि कितीतरी विधानसभा निवडून आल्या. म्हणजे लोकमत धाक घालायला तयार होतं, पण त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती.

म्हणून मी प्रा. शाहांच्या बाजूचा आहे, ७५ वर्षं उशिरानं. मंत्र्यांसाठी केंद्र सरकारची आचारसंहिता आहे. पद घेताना मालमत्ता सांगा, धंद्याच्या कारभारातून बाजूला व्हा, असं ती म्हणते. पण ती मोडली तर कोणतं कोर्ट विचारणार? साधा कायदा वित्त विधेयकात गुंडाळून बदलता येतो हे आपण पाहिलं. घटना बदलायला दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. सरकार आणि धंदा यांच्यात भिंत घाला असं मी म्हणत नाही, ती आपल्या देशात टिकायची नाही. बाबासाहेबांनी सांगितलेल्या त्या चार गोष्टी तेवढ्या घटनेत घाला. मंत्र्यांसाठी, आणि सरकारी पैसा असलेल्या संस्थेच्या खुर्चीवर बसणाऱ्या आमदारासाठीही. कंपनीची देणगी कुठं गेली, हेही त्याच्या शेजारी लिहा. आणि तो कंस काढा.

हो, वडिलांचं बिल राहिलंच सांगायचं. ते मिळालं. पुढच्या हंगामाच्या तोंडावर, व्याजाशिवाय. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक होती.

नमस्कार.