गोळ्या चालू होत्या, तरी हात का लुळा पडला?

स्क्रीनवर हा जो एमआरआय दिसतोय ना, त्यात मेंदूच्या आतल्या भागात पांढरे डाग आहेत बघा. हा रिपोर्ट देवगडकडच्या एका खलाशी दादांचा. नाव, चेहरा काहीच दाखवत नाही आहोत, त्यांनीच तसं सांगितलंय आणि बरोबरच आहे त्यांचं, आपल्याकडे वाडीत एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत तिठ्यावर सगळ्यांना कळतं.

दादा एचआयव्ही पॉझिटिव्ह आहेत. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सुरू होऊन दोनेक महिने झाले होते, भूक लागायला लागली, वजन वाढायला लागलं, घरच्यांना वाटलं चला सुटलो एकदाचे, आणि नेमका तेव्हाच उजवा हात ऐकेनासा झाला. वहिनी सांगतात, "हातातसून कप पडाक लागलो, आमका वाटला लकवो मारलो." ताप नाही, डोकं दुखत नाही. दिवसागणिक हात जड, मग बोलताना शब्द अडकायला लागले, मग चालताना तोल जायला लागला.

मग घरोघरी होतं तेच झालं. कोणी म्हणालं तेल लावून मालिश करा, कोणी म्हणालं देवळात कौल लावून बघा, आणि एका शेजाऱ्यांनी सांगितलं की ह्या गोळ्याच बाधल्या, बंद करून टाका. कौल लावला त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही, श्रद्धा ज्याची त्याची. पण गोळ्या बंद करा हे जे सांगितलं गेलं ना, ते जिवावर बेतलं असतं, कारण ह्या आजारात माणूस वाचला तर त्या गोळ्यांमुळेच वाचतो.

आजाराला डॉक्टर पीएमएल म्हणतात. पूर्ण नाव लांबलचक आहे, प्रोग्रेसिव्ह मल्टीफोकल ल्युकोएन्सेफॅलोपॅथी. तो एचआयव्हीच्या विषाणूने होत नाही, जेसी नावाच्या वेगळ्याच विषाणूने होतो, आणि हा जेसी जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात असतो, म्हणजे हे बघताय त्या तुमच्याही असू शकतो. किडनीत वगैरे गप पडून राहतो, आयुष्यभर काही करत नाही. पण एचआयव्हीमुळे सीडी-फोर पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, खूप कमी झाल्या, बहुतेक वेळा तपासणीत 200 च्या खाली, की हा जागा होतो आणि मेंदूत शिरून मज्जातंतूंवरचं आवरण तयार करणाऱ्या पेशी मारतो. पोफळीच्या बागेतल्या पंपाची वायर उंदराने कुरतडल्यावर जे होतं तेच, मोटर धड, लाईट आहे, पण मधेच करंट अडतो. कुठल्या जागेची वायर कुरतडली त्यावर ठरतं की हात जाणार, की बोलणं जाणार, की नजर.

मग गोळ्या चालू असताना का झालं? दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे गोळ्या सुरू झाल्या तरी प्रतिकारशक्ती भरून यायला महिने लागतात, आणि तेवढ्यात जेसी आपलं काम करून घेतो. दुसरं जरा विचित्र वाटेल, पण गोळ्या लागू पडतात, शरीराची फौज परत उभी राहते, मेंदूत लपलेला विषाणू तिला सापडतो आणि ती त्याच्यावर तुटून पडते, त्या लढाईत मेंदूला सूज येते आणि माणूस आधीपेक्षा जास्त आजारी दिसतो. ह्याला आयरिस म्हणतात. सूज फारच वाढली तर डॉक्टर स्टिरॉइड देतात. एआरटी मात्र सहसा चालूच ठेवतात.

जेसीवर खात्रीचं असं औषध आजही नाही. 1958 मध्ये ह्या आजाराचं पहिलं वर्णन झालं, 1971 मध्ये एका रुग्णाच्या मेंदूतून विषाणू सापडला आणि त्याच रुग्णाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून जेसी हे नाव पडलं, पण औषध अजून नाही. एआरटी येण्याआधी बहुतेक पेशंट काही महिन्यांतच जायचे. आता साधारण निम्मे तरी पहिलं वर्ष पार करतात, काही त्याहून खूप पुढे जातात, पण गेलेला हात पूर्ण परत येईलच असं कोणी डॉक्टर सांगणार नाही, आणि आम्हीही सांगणार नाही.

आता तपासणीचं. एमआरआयसाठी सिंधुदुर्गातली कितीतरी माणसं गोव्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातात, रत्नागिरीकडची आंबा घाट चढून कोल्हापूरला, नाहीतर रेल्वेने थेट मुंबई. लुळ्या माणसाला घेऊन हा प्रवास, सोबत एकाची मजुरी बुडते, ह्याचा हिशोब कोणी धरत नाही. वर पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की घरचे घाबरतात, त्याने माणूस कायमचा लुळा होतो असं लोकांच्या डोक्यात बसलंय. तसं नसतं हो! त्या पाण्यात जेसी सापडतो का ते बघायचं असतं, कधी पहिल्यांदा सापडत नाही म्हणून परत काढावं लागतं. आणि ही तपासणी हवीच, कारण एचआयव्ही असलेल्या माणसाच्या मेंदूत टीबी, टॉक्सो (एका परजीवीचा आजार), क्रिप्टोकोकस (एका बुरशीचा आजार) हेही होतात आणि त्या तिघांवर औषध आहे. नुसतं लकवा म्हणून घरी ठेवलं तर बरा होणारा माणूसही हातचा जातो.

दादांना एचआयव्ही आहे हे उशिरा कळलं, कारण टेस्टच उशिरा झाली. ट्रॉलरवर दिवसच्या दिवस समुद्रात, खोकला, जुलाब, वजन उतरणं सगळं खाऱ्या वाऱ्यावर ढकललं, जून-जुलैची बंदी लागली तेव्हा कुठे सरकारी दवाखान्यात गेले. आपल्या बंदरांत, आंब्याच्या बागांत नेपाळपासून आलेली माणसं राबतात, त्यांचंही असंच होतं. सरकारी एआरटी 2004 पासून मोफत आहे. 2017 पासून सीडी-फोर कितीही असो, पॉझिटिव्ह आलं की गोळ्या सुरू करतात, त्यामुळे लवकर टेस्ट केली तर सीडी-फोर इतकं खाली जाण्याची वेळच सहसा येत नाही. समुद्रात जाणार असाल तर गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरवर आधी सांगा, जास्त दिवसांच्या गोळ्या मागा.

गावात कळेल ह्या भीतीने खूप जण जिल्हा सोडून दुसरीकडे गोळ्या घेतात. घ्या, पण घ्या. विश्वासाने कळलेलं कोणाचं एचआयव्हीचं स्टेटस परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायला सहसा कायद्याने मनाई आहे, कायदा 2017 चा, लागू झाला 10 सप्टेंबर 2018 ला. आणि गोळ्या चालू असताना हात जड वाटला, बोलणं अडखळलं, एका बाजूचं दिसेनासं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सेंटरवर जा आणि डॉक्टरांना गोळ्या कधी सुरू केल्या ते आधी सांगा. जायचं कुठे कळत नसेल तर एड्सच्या सरकारी हेल्पलाईनला, 1097 ला फोन लावा, पैसे पडत नाहीत.