इबुसुकी: इथे माणसांना वाळूत वाफवतात!

भडभुंज्या गरम वाळूत चणे कसे परततो बघितलंय ना? आता चण्यांच्या जागी माणूस ठेवा, झालं इबुसुकी.

तर मंडळी, जपानच्या नकाशात पार खाली या, क्यूशू बेट, त्यात कागोशिमा प्रांत, आणि त्याच्याही टोकाला हे समुद्राला चिकटलेलं छोटं शहर. इथली फेमस गोष्ट म्हणजे सुनामुशी. सुना म्हणजे वाळू, मुशी म्हणजे वाफवणं. अंगात फक्त युकाता, म्हणजे तो पातळ सुती झगा, डोक्याला टॉवेल, आणि वाळूत उताणं पडायचं, मग फावडी घेतलेले लोक येतात, त्यांना म्हणतात सुनाकाके-सान, ते तुम्हाला गळ्यापर्यंत गाडूनच टाकतात. वाळू 50-55 डिग्री, वर काळी, ओली, त्यामुळे जाम जड. थोड्या वेळात टाचेत, बोटांच्या टोकांत स्वतःचीच नाडी ठकठक लागते. दहा मिनिटं बास, उगाच हिरोगिरी नको, भाजतं.

आता गंमत अशी की ही वाळू उन्हाने तापलेली नाही. जमिनीखालून गरम पाणी समुद्राकडे वाहत येतं, पण समुद्राचं पाणी थंड, खारट, म्हणजे जड, मग गरम पाणी त्याच्या खाली घुसू शकत नाही, ते वर सरकतं ते थेट किनाऱ्याच्या वाळूत.

आणि पाणी तापवतं कोण? हा अख्खा पट्टाच ज्वालामुखीचा हो. शेजारचा काइमोनदाके, 924 मीटर, दिसायला अगदी छोटा फुजी, शेवटचा फुटला 885 साली. त्याआधी 874 मध्ये त्याच्या राखेने इथली वस्तीच गाडली. हाशिमुरेगावा नावाच्या जागी खोदकाम झालं, तिथे राखेच्या त्याहूनही जुन्या एका थराखाली जोमोन काळाची खापरं निघाली आणि वर यायोई काळाची (ही जपानच्या प्राचीन इतिहासातली दोन युगं), म्हणजे या दोघांत जुनं कोण हा वाद राखेनेच मिटवला! मला तर वाळूपेक्षा हेच भारी वाटतं.

बरं, ही वाफ नुसती आंघोळीपुरती नाही. उनागी तळ्याकाठी घरांच्या अंगणात जमिनीतून वाफ निघते, तिच्यावर चूल मांडलेली असते, तिला म्हणतात सुमे. गॅस नाही, लाकूड नाही. अंडी ठेवायची, रताळी ठेवायची, वर झाकण. आणि रताळ्याचं नातंही इथलंच बरं का, 1705 च्या सुमारास यामागावाचा माएदा रिएमोन ते र्‍युक्यू बेटांवरून, म्हणजे आजच्या ओकिनावाकडून, घेऊन आला, आता ते यामागावा इबुसुकीतच येतं. झाकण काढलं की आधी भस्सकन गंधकाचा वास, मग रताळ्याचा.