पूर्वेकडे, दीड मूठ वर

(दृश्य: पहाट. पुण्यातली एक गच्ची. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, टीव्हीच्या चार-पाच छत्र्या.)

पुण्यात कुठल्याही गच्चीवर उभे राहा, तोंड पूर्वेला करा, आणि मग किंचित दक्षिणेकडे वळा, फार नाही, आठ-नऊ अंश. आता हात सरळ लांब करून मूठ आवळा. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंशांची धरतात. एक मूठ क्षितिजावर ठेवा आणि वर अजून अर्धी मूठ, किंचित जास्तच. बास, तिथेच. तिथे टेलस्टार १८ व्ही नावाचा उपग्रह आहे. डोळ्यांना दिसणार नाही, कारण तो विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे, न्यू गिनी बेटाच्या जरा उत्तरेला समुद्रावर, आणि पृथ्वी फिरते त्याच चालीने तोही फिरतो म्हणून आपल्याला तो एका जागी खिळल्यासारखा.

आता गच्चीवरच्या बाकीच्या छत्र्या बघा. त्यांची सगळ्यांची मान वर आहे कारण आपले डीटीएचचे उपग्रह बऱ्यापैकी डोक्यावर आहेत. पण या टेलस्टारकडे वळवलेली छत्री बघितली तर बसवणाऱ्याने चूक केलीय असंच वाटेल, कारण ऑफसेट डिश, म्हणजे जिचा सिग्नल पकडणारा भाग मध्यावर नसून खालच्या कडेला असतो ती, एवढ्या खालच्या कोनात लावली की ती जमिनीकडे बघतेय असं दिसतं. ती बरोबरच असते. फक्त समोर नारळाचं झाड नको, आणि शेजारी बारा मजली टॉवर तर नकोच नको.

या उपग्रहावरून टीव्ही चॅनल जातात, विमानातलं इंटरनेट जातं, आणि डिसेंबर २०१८ पासून अजून एक गोष्ट जायला लागली ती म्हणजे बिटकॉइनची खातेवही. सगळीच्या सगळी, पानामागून पान.

(दृश्य: पडद्यावर सरकणारे आकडे, एकामागून एक येणारे ब्लॉक.)

आधी ही खातेवही म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, ज्यांना माहितीये त्यांनी थोडं थांबा. बिटकॉइनमध्ये कोणी कोणाला किती पाठवले याची नोंद एका बँकेकडे नसते, ती जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर असते, आणि साधारण दर दहा मिनिटांनी त्या वहीला एक नवीन पान जोडलं जातं, त्या पानाला ब्लॉक म्हणतात. एक पान हल्ली दीड-दोन एमबीचं, म्हणजे मोबाईलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही लहान.

आता हिशोब करा. दीड एमबी, दहा मिनिटांत. म्हणजे सेकंदाला वीस हजार बिट. ज्यांनी लँडलाईनला जोडलेला तो किरकिरणारा मोडेम वापरलाय त्यांना आठवत असेल, त्याच्यावर ५६ के लिहिलेलं असायचं. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रिप्टोची खातेवही ताजी ठेवायला त्या मोडेमच्या निम्मासुद्धा वेग लागत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर दोनदा करून बघितलं, कारण आपल्या डोक्यात क्रिप्टो म्हटलं की प्रचंड मशीन, प्रचंड वीज असं काहीतरी असतं, आणि ते माइनिंगसाठी, म्हणजे वहीला नवीन पान जोडायच्या कामासाठी, खरंही आहे, पण वही वाचायला तसं काहीच लागत नाही.

आणि इतका बारीक प्रवाह असेल तर तो आकाशातून सगळ्यांना एकदम का नाही टाकायचा? हा प्रश्न काही जणांना आधीच पडला होता. २०१४ मध्ये फिनलंडमध्ये क्रिप्टोरेडिओ नावाचा प्रयोग झाला, तिथे डिजिटल टीव्हीच्या टॉवरवरून बिटकॉइनचे व्यवहार प्रसारित केले. त्याच सुमारास बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे जेफ गार्झिक यांनी छोटे छोटे स्वतःचे उपग्रह सोडायची योजना जाहीर केली होती, हातात मावतील असे क्यूबसॅट. त्या योजनेतले उपग्रह काही उडाले नाहीत. आणि उडाले असते तरी खालच्या कक्षेतला उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, म्हणजे सतत ऐकायचं तर तसे कितीतरी लागले असते.

ब्लॉकस्ट्रीम नावाच्या कंपनीने सोपा मार्ग धरला, उपग्रह बांधायचा नाही, भाड्याने जागा घ्यायची. ऑगस्ट २०१७ ला त्यांनी सुरुवात केली तेव्हा गॅलक्सी १८, युटेलसॅट ११३ आणि टेलस्टार ११ एन अशा तीन उपग्रहांवर थोडी थोडी जागा घेऊन अमेरिका, युरोप, आफ्रिका धरले. आशिया राहिला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये फाल्कन ९ रॉकेटवरून सात टनांचा टेलस्टार १८ व्ही गेला, आणि डिसेंबरमध्ये त्याच्यावरून आपल्या बाजूचं प्रसारण सुरू झालं. उपग्रहाला स्वतःला यातलं काही कळत नाही हं. तो आरशासारखा, जमिनीवरच्या मोठ्या स्टेशनवरून आलेली लहर घ्यायची, फ्रिक्वेन्सी बदलायची आणि खाली सोडून द्यायची. त्याला क्रिकेट मॅच काय आणि ब्लॉक काय, सारखंच.

ऐकणाऱ्याकडून पैसे घेत नव्हते, आणि कोण ऐकतंय हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता. रेडिओ लावला तर आकाशवाणीला कुठे कळतं तुम्ही लावलाय ते.

आणि मला सगळ्यात जास्त ज्याच्यावर बोलायचंय ते इथून पुढे आहे.

आमच्याकडे मागे रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली. चार दिवस नेट नाही. मोबाईलचा टॉवरही त्याच फायबरवर होता, तोही गेला, आणि किराणा दुकानदार क्यूआर कोड झाकून बसला होता, सुट्टे असतील तरच घ्या म्हणून. चार दिवसांचंच होतं ते. पण १५ जानेवारी २०२२ ला टोंगा बेटांजवळ समुद्रात ज्वालामुखी फुटला आणि त्या देशाला जगाशी जोडणारी एकच एक केबल तुटली, ती जोडायला पाच आठवडे गेले. आणि काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला नेट बंद झालं, तिथे फोर-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. तर तार तुटते, कधी आपोआप तुटते, कधी कोणीतरी ठरवून बंद करतं. तेव्हा ज्याचे पैसे त्या वहीत आहेत त्याने काय करायचं?

कोणी म्हणेल, मग छत्री लावा, प्रश्न मिटला. पण थांबा, आकाशातून येणाऱ्या एका कंपनीच्या आवाजावर विश्वास कसा ठेवायचा? बँकेवर विश्वास नको म्हणून तर ही वही काढली ना.

(दृश्य: ब्लॉकच्या हॅशचा क्लोजअप. सुरुवातीचे शून्य एकेक करून उजळतात.)

हे आकडे बघा. प्रत्येक पानाला एक ८० बाइटचं शीर्षक असतं, आपण टाइप करतो त्या दोन ओळींएवढं. ते एका गणिती चक्कीतून काढलं की एक लांबलचक आकडा येतो, त्याला हॅश म्हणतात, आणि तो आकडा ठराविक हद्दीच्या खालीच यावा लागतो, म्हणजे सुरुवातीला शून्यांची रांगच्या रांग. तसा आकडा येईपर्यंत माइनर अब्जावधी वेळा नाही, त्याच्याही कितीतरी पट प्रयत्न करतात आणि त्यात खरीखुरी वीज जळते. पण आलेला आकडा बरोबर आहे का हे तपासायला तुमच्या जुन्या लॅपटॉपला डोळा मिटायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. या युक्तीचं मूळ १९९७ च्या हॅशकॅशमध्ये आहे, ईमेलमधला स्पॅम थांबवायला काढली होती ती, आणि काढणारे अ‍ॅडम बॅक हेच पुढे ब्लॉकस्ट्रीमचे प्रमुख झाले.

म्हणजे छत्रीतून आलेलं पान खोटं असेल तर तुमचा कॉम्प्युटर ते फेकून देतो, पाठवणाऱ्याचं नाव कितीही मोठं असो. खोटं पान खपवायचं तर खऱ्याएवढीच वीज जाळावी लागेल. बातम्या सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची गरजच नाही, बातमी स्वतःच पावती घेऊन येते. असा दुसरा कुठला डेटा मला तरी पटकन आठवत नाही जो अनोळखी माणसाने भर चौकात ओरडून सांगितला तरी आपण घरी जाऊन स्वतः तपासू शकतो.

खोटं सांगता येत नाही, पण गप्प बसता येतं. हा खरा धोका आहे आणि तो लपवून उपयोग नाही. पानं अडवली तर? इथे परत हिशोब कामाला येतो. पान दहा मिनिटांनी येतं ही सरासरी झाली, कधी दोन मिनिटांत येतं कधी चाळीस. एक तास काहीच आलं नाही असं आपोआपही होतं, दोन-तीन दिवसांतून एखाद्या वेळी. पण तीन तास सलग शांतता आपोआप होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. म्हणजे तीन तास काही आलं नाही तर समजा छत्री हललीय, नाहीतर कोणीतरी तोंड दाबलंय.

आणि हे इंटरनेट चालू असतानाही लागू आहे. २०१५ मध्ये बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की तुमच्या नोडच्या, म्हणजे वहीची प्रत ठेवणाऱ्या तुमच्या कॉम्प्युटरच्या, सगळ्या जोडण्या हल्लेखोराने स्वतःच्या मशीनकडे वळवल्या तर तुम्हाला तो म्हणेल तेवढंच जग दिसतं, तेव्हा नोड स्वतःहून आठ ठिकाणी जोडून घ्यायचा, आठही त्याचेच निघाले की संपलं. ग्रहण लागल्यासारखं, म्हणून त्याला एक्लिप्स अटॅकच म्हणतात. छत्री हा नववा कान आहे, आणि तो त्या तारेवर नाहीच. माझ्या मते उपग्रहाचा मोठा उपयोग हाच, नेट गेल्यावरचा उपयोग त्याच्यानंतर.

बरं, एकतर्फी प्रसारणात एक अडचण असते, मधलं काही ऐकू आलं नाही तर परत सांग म्हणता येत नाही. फोनवर हॅलो हॅलो करता येतं, आकाशाला कसं करणार. त्यासाठी जी युक्ती आहे ती साध्या आकड्यात सांगतो. मला तुम्हाला ७ आणि ५ सांगायचेत. मी तीन आकडे पाठवतो, ७, ५ आणि त्यांची बेरीज १२. आता यातला कुठलाही एक हरवू दे, उरलेल्या दोनांवरून तुम्ही तिसरा काढता. खरी पद्धत याच्यापेक्षा खूप गुंतागुंतीची आहे पण जीव तोच, थोडं जास्तीचं पाठवायचं आणि कुठला तुकडा पडला याची फिकीर करायची नाही.

तुकडे पडतातच. पाऊस जोरात आला की टीव्हीवर सिग्नल जातो हे आपल्याकडे लहान पोरालाही माहितीये. आपलं डीटीएच केयू बँडवर, त्याची लहर अडीच सेंटिमीटरची, पावसाचे मोठे थेंब ती खातात. टेलस्टार १८ व्हीवरून आपल्या बाजूला हे प्रसारण सी बँडवर सोडलं, त्याची लहर सात सेंटिमीटरच्या वर, ती पावसातून बऱ्यापैकी निभावते. केबलवाल्यांकडे त्या मोठाल्या जाळीच्या छत्र्या असायच्या त्या सी बँडच्याच. बदल्यात डिश मोठी लागते आणि एलएनबी, म्हणजे डिशसमोर बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, वेगळा लागतो, डीटीएचचा चालत नाही. आर्वीला, जुन्नर तालुक्यात, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जे उपग्रह केंद्र झालं तिथली डिश एखाद्या इमारतीएवढी होती, तेव्हा परदेशी फोन लावायला तेवढी लागायची, आणि आज गच्चीवरच्या टाकीशेजारी मावेल एवढीत काम होतं.

(दृश्य: हात, स्पॅनर, डिशचा नट. मागे लॅपटॉपवर सिग्नलची रेघ.)

छत्री लावणं हे मात्र हातानेच शिकावं लागतं. सुरुवातीला लोक दोनेक हजारांचा यूएसबी डोंगल वापरायचे, जो मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला बनवलेला, आणि बाकी सगळं काम फुकट मिळणारं सॉफ्टवेअर करायचं. २०२० मध्ये प्रसारण टीव्हीवाल्यांच्याच डीव्हीबी-एस२ पद्धतीवर गेलं आणि त्यातून वहीचा जुना इतिहासही उपग्रहावरून उतरवायची सोय झाली. आता ती वही सहाशे जीबीच्या पुढे आहे, म्हणून माझं म्हणणं असं की जुनी पानं मित्राकडून हार्ड डिस्कवर आणा, घरी सगळी तपासा, आणि रोजची ताजी पानं छत्रीवर सोडा. नट ढिला करून डिश एक मिलिमीटर सरकवायची, थांबायचं, रेघ बघायची, परत एक मिलिमीटर. घाई केली की उपग्रह मधून निसटतो आणि परत पहिल्यापासून.

एक कमकुवत जागा उरतेच. वर सोडणारी कंपनी एकच, भाडं भरणारी तीच. तिने भाडं थांबवलं की हा कान बंद. अशी तीन-चार प्रसारणं वेगवेगळ्या लोकांनी चालवायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

आणि छत्री फक्त ऐकते. बोलायचं कसं? तर एक साधा व्यवहार अडीचशे बाइटच्या आसपास असतो, म्हणजे दोन-चार एसएमएसमध्ये बसतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये टोरोंटोहून सॅन फ्रान्सिस्कोला हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोक चालवतात त्या रेडिओच्या, ४० मीटर बँडवरून बिटकॉइनचं पेमेंट करून दाखवलं गेलं, मध्ये साडेतीन हजार किलोमीटर. व्यवहारावर तुमची सही असते, त्यामुळे नेणाऱ्याला त्यात फेरफार करता येत नाही, तो फक्त पोचवतो.

म्हणजे समजा नेट नाहीये. तुम्ही घरी व्यवहार लिहून सही केलीत, दोन-चार एसएमएस करून लांबच्या शहरातल्या बहिणीला पाठवलेत, तिने तो तिच्याकडच्या नेटवरून पुढे ढकलला, आणि तुम्ही गच्चीवर येऊन बसलात. दहा मिनिटं जातील, कधी वीस. मग जमिनीकडे बघणाऱ्या त्या छत्रीतून एक नवीन पान उतरतं, लॅपटॉप ते तपासतो, आणि त्या पानात मधेच कुठेतरी तुमची ओळ असते.