चोरांनी दोनदा घर फोडलं, तरी आता झोप लागते

नमस्कार मंडळी. रात्रीचे साडेअकरा झालेत. हे वावरात आहेत, गव्हाला पाणी सुरू आहे, कारण या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाईट आहे. घरात मी, सासूबाई आणि पोरगी. दोन वर्षांमागं अशा रात्री मी उशाशी विळा घेऊन बसायची. आज तुमच्याशी बोलत बसली आहे.

हा व्हिडिओ आजच्या आज टाकणार नाही बरं का. मालक घरी नाहीत हे जगाला कशाला सांगायचं? गावाचं नावही सांगत नाही. यवतमाळ जिल्हा, एवढं पुरे.

आमचं घर एकाच उन्हाळ्यात दोनदा फुटलं. पहिल्यांदा आम्ही लग्नाला गेलो होतो. मीच शहाणी, मांडवातून सगळ्या घराचा फोटो स्टेटसला ठेवला. परत आलो तर कडी-कोयंडा तुटलेला, आलमारी उघडी, लुगड्यांचा ढीग खाली. माझी पोत गेली, रोकड गेली. सासूबाईंना ते पाहवेना. त्यांनी घर झाडलं, ओसरी सारवली. चोराच्या हातापायाच्या खुणा असतील त्या शेणाखाली गेल्या. आणि यांनी तक्रारच दिली नाही. "ठाण्याच्या चकरा कोण मारते?"

तीन आठवड्यांनी पुन्हा. उकाडा असा की सगळे स्लॅबवर झोपलो होतो. खालच्या खिडकीत कूलर. आता विदर्भातल्या लोकांना सांगायला नको, कूलर बसवायला आपण खिडकीचे गज कापतो आणि त्या भोकासमोर कूलर ठेवून निश्चिंत होतो. चोरानं कूलर सरकवला आणि आत आला. बियाण्याचे पैसे गव्हाच्या कोठीत होते. सरळ कोठीच उपसली. ज्यानं घर एकदा पाहिलं त्याला सगळं पाठ असते. म्हणून पहिल्या चोरीनंतरचे दिवस जास्त सांभाळायचे, हे आम्हाला दुसऱ्या चोरीनं शिकवलं.

(कॅमेरा खिडकीकडं)

हे बघा. कूलरच्या चौकटीला बाहेरून लोखंडी जाळी वेल्ड केली आहे, कूलर भिंतीला नट-बोल्टनं पक्का. हे काम पहिल्याच दिवशी व्हायला पाहिजे होतं. त्याऐवजी आम्ही काय केलं? जागत बसलो. महिनाभर, पाळीपाळीनं. पहाटे डोळा लागायचा, दिवसभर कामात लक्ष नाही, पोरगी रात्री एकटी संडासलाही जाईना. जागणारा माणूस पाच-सहा रात्रीत थकतो. जाळी थकत नाही.

मग एका रात्री मी पोरीला घेऊन अंधारात नुसतं ऐकत बसली. टिनावर कडकड झाली की ती दचकायची. पण ते टिन दिवसभर तापते, रात्री थंड होताना आकसते, म्हणून वाजते. कुटाराच्या खोलीत उंदीर. म्हशीची साखळी. रस्त्यावरची शेवटची गाडी. आवाज ओळखीचे झाले तशी भीती उतरली. अनोळखी आवाज तेवढा उरला, आणि त्याच्यासाठी ही सोय.

(मागचं दार)

ही आमच्या बैलाची पोळ्याची घुंगरमाळ. बैल विकला, माळ ठेवली होती. दार जरा हललं की घरभर ऐकू येते. सांदवाडीत, म्हणजे मागच्या अंगणात, सोलरचा सेन्सर दिवा लावला आहे. माणूस आला की लागतो, मांजर आली तरी लागतो, त्याला इलाज नाही. हे रात्री वावरातून येतात तेव्हा आधी फोन करतात, मग दारातून पोरीचं घरचं नाव घेतात. ते नाव ऐकल्याशिवाय कडी निघत नाही.

घुंगरू वाजलं आणि खरंच कोणी असलं तर? बाहेर पळायचं नाही. आतून कडी, लाईट लावायची, मोठ्यानं ओरडायचं, 112 लावायचं. भिंतीवर खडूनं पोलीस पाटलांचा आणि शेजारच्या काकाजींचा नंबर लिहिला आहे, सासूबाईंनाही वाचता येईल एवढा मोठा. मारामारीचं म्हणाल तर रात्री घर फोडून शिरणाऱ्यापासून स्वतःला वाचवायचा हक्क भारतीय न्याय संहितेतही आहे, पण गरजेपुरताच. पळत्याचा पाठलाग करून बडवणं त्यात बसत नाही.

इथं जरा कडू बोलते. दुसऱ्या चोरीनंतर गावातली पोरं काठ्या घेऊन पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, निघाली होती. पुरावा काही नाही. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला, पण आमच्या डोक्यातून जायचा आहे. काकाजी आडवे झाले म्हणून थांबलं. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी होते ते. अफवा होती, दुसरं काही नाही. आमच्या घरचा चोर आजवर सापडला नाही, आणि तो कोण हे मला ठाऊक नाही. एवढंच मी खात्रीनं सांगू शकते.

दुसऱ्या वेळी मात्र तक्रार दिली. कशालाही हात न लावता आधी फोन केला. तक्रारीची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. हद्द आमची नाही असं कोणी म्हटलं तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. साहेबांनी विचारलं, पोत किती ग्रॅमची? पावती? आमच्याकडं काहीच नव्हतं. आता उरलेल्या दागिन्यांचे फोटो आणि पावत्या माहेरी भावाकडं आहेत. मोबाइलवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की येतो तो आयएमईआय, म्हणजे मोबाइलच्या ओळखीचा नंबर, वहीत लिहिला आहे. मोबाइल चोरीला गेला तर तक्रार करून संचार साथी या सरकारी पोर्टलवरून तो बंद करता येतो. कापसाचे चुकारे खात्यात राहतात, लागतील तेवढेच काढतो. कोठीत आता फक्त गहू आहे, चोरानं खुशाल उपसावी.

थांबा, फोन वाजतोय. यांचाच आहे. लाईट गेली वाटते, मोटर बंद पडली असेल. येतात आता. कॅमेरा बंद करते, दार उघडायचं ते नाव तुम्हाला ऐकवायचं नाही.