सुलट, उलट आणि सुटलेला टाका

नमस्कार श्रोतेहो. अंगातल्या टीशर्टची कड जरा डोळ्यांजवळ न्या. इवल्याशा वेण्या घातल्यासारख्या उभ्या रांगा दिसतील. आतून पाहिलंत तर आडव्या कमानी. हे कापड मागावरचं नाही. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना छेदतात. इथे एकच धागा स्वतःच्याच फाशातून पुढचा फासा काढत जातो. म्हणून तर ते ताणतं. मराठीत दोन्हीला ‘विणणं’च म्हणतात, त्यामुळे वस्त्र डिझाइनच्या कार्यशाळेत पहिले दोन दिवस माझा घोळच झाला.

घरी सुयांवर स्वेटर विणणाऱ्या मला वाटलं होतं, मशीन म्हणजे हेच काम वेगात. समोर 200 सुयांची रांग, खाली कापड ओढून धरायला वजनं आणि सुयांवरून फिरत त्यांना धागा देणारं कॅरेज. चाळीसएक ओळी झाल्या, मी खुशीत. पुढची ओळ मारली आणि सगळं विणकाम वजनांसकट धाडकन पायावर! धागा कॅरेजच्या तोंडातून निसटला होता. नवा फासा मिळाला नाही, की सुई जुना सोडून देते.

मग बाईंनी एकच सुई हातात दिली. टोकाला आकडा आणि त्यावर बिजागरीची चिमुकली जीभ. सुई पुढे ढकलली की जुना फासा जीभ उघडून मागे सरकतो. आकड्यात नवा धागा ठेवून सुई मागे ओढली, की तोच जुना फासा जीभ मिटवतो आणि वरून घसरून जातो. झाला टाका! तासभर मी तेवढंच केलं. सुटलेल्या टाक्याची शिडी खालपर्यंत गेली, तरी याच सुईने दांडीमागून दांडी उचलत वर येता येतं.

सुयांच्या एका रांगेवर सगळे टाके सुलटच पडतात, म्हणजे वेणीची बाजू एकीकडे आणि कमानींची, उलट बाजू दुसरीकडे, आणि असं कापड कडांना गुंडाळतं. इस्त्रीने ते तात्पुरतं गप्प बसतं, इतकंच. मनगटाला हवी ती रिब, म्हणजे दोन सुलट दोन उलट; त्यासाठी समोरून सुयांची दुसरी रांग लागते. इंग्लंडमध्ये विल्यम ली या पाद्र्याने 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं. त्यावर रिब विणायची सोय जेडेडाया स्ट्रटने जोडली, ती जवळजवळ 170 वर्षांनी. आजी जे बोलता बोलता करते, त्याला यंत्राला एवढा वेळ लागला!

माझी खरी फजिती झाली हिशोबात. नमुन्याचा तुकडा मशीनवरून उतरवला आणि लगेच मोजला: 10 सेंटिमीटरला 22 टाके. छाती 100 सेंटिमीटर, म्हणून पुढचा-मागचा भाग मिळून 220 टाके घातले. धुतल्यावर लोकर सैलावली आणि 10 सेंटिमीटरला 20च टाके भरले. स्वेटर 110 सेंटिमीटरचा! नमुना आधी धुवायचा, वाळवायचा, मग मोजायचा, हे बाईंनी सांगितलं होतं. मी घाई केली.

सगळं उसवलं. धागा शेवयांसारखा कुरळा झाला होता. त्याची लडी बांधून कोमट पाण्यात भिजवली, खाली हलकं वजन लावून वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सरळ झालेला धागा गुंडाळला आणि 200 टाके मोजून घातले.