किमची घालताना

मंडळी, किमचीचा, म्हणजे मिठात मुरवून आंबवलेल्या भाज्यांच्या कोरियन लोणच्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली चौकशी मिरचीची होते. कोणती घ्यायची, किती घालायची, फार जाळ तर नाही ना होणार? कोरियन घरात ही चौकशी बरीच नंतर येते. तिथली जाणती बाई आधी बघते कोबी नीट खारवलाय का, आणि मग बघते किमची मुरायला गारवा कुठे मिळणार. कोरियात मिरची पोचली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिका खंडातून फिरत फिरत. त्याआधी कितीतरी शतकं भाज्या तिथे नुसत्या मिठात मुरत होत्या. पांढरी बेक-किमची आणि मुळ्याची पाणीदार दोंगचिमी आजही लाल तिखटाशिवायच होतात. म्हणून आज मी मिठावर जास्त वेळ घालवणार आहे. घरी किमची बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच.

सर्वांत ओळखीची ती बेचू-किमची, लांबट चायनीज कोबीची. दोन किलोचा गड्डा घ्या. हातात जड लागला पाहिजे, आतली पानं पिवळसर असली पाहिजेत. या कोबीचं आणि मुळ्याचं चांगलं बियाणं कोरियातच तयार व्हावं यासाठी १९५० च्या दशकात उ जांग-चुन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मोठं काम केलं, आजच्या किमचीमागे त्यांचेही श्रम आहेत. गड्डा सुरीने आरपार कापू नका. बुडाशी चार-पाच इंच चीर द्या आणि पुढचा भाग हाताने फाडा. पानं तुटत नाहीत, चुरा पडत नाही. मग प्रत्येक अर्ध्याच्या बुडाला आणखी एक चीर देऊन ठेवा.

आता खारवणं. दोन लिटर पाण्यात १२० ग्रॅम जाडं मीठ विरघळवा, त्यात कोबी बुडवून काढा. आणखी १२० ग्रॅम मीठ पानांच्या मध्ये पेरायचं, पण ते पांढऱ्या जाड देठांकडे. हिरवं पान पातळ असतं, त्याला खारं पाणीच पुरतं. तिथेही मूठभर मीठ टाकलं तर पान खारट होतं आणि देठ कच्चा राहतो. कापलेली बाजू वर करून ठेवा, उरलेलं पाणी वर ओता, आणि दर दोन तासांनी वरचे खाली, खालचे वर करा. वीस अंशांच्या आसपास सहा ते आठ तास लागतात. आपल्या एप्रिल-मेमध्ये चार-पाच तासांतही काम होतं, म्हणून घड्याळावर विसंबू नका. सर्वांत जाड देठ घ्या आणि हळूहळू वाकवा. कट्कन मोडला तर अजून वेळ आहे. रबरासारखा वाकून परत सरळ झाला तर झालं.

कोरियात यासाठी समुद्राचं जाडं मीठ वापरतात. नैऋत्य किनाऱ्यावरच्या शिनानची मिठागरं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. नवं मीठ लगेच वापरत नाहीत. गोणीतच ठेवून त्यातलं कडू पाणी गळू देतात, तेव्हा कुठे ते किमचीला योग्य होतं. आपल्याकडचं जाडं मीठ चालतं. बारीक मीठ असेल तर वाटीने मोजू नका, वजनच करा. एका वाटीत बारीक मीठ जाड्यापेक्षा बरंच जास्त मावतं आणि अंदाज तिथेच चुकतो.

खारवलेला कोबी तीन पाण्यांतून धुवा आणि कापलेली बाजू खाली करून चाळणीत किमान दोन तास निथळू द्या. दोन किलोचा साधारण दीड किलो उरतो. निथळवण्यात घाई केली तर पुढे मसाला पानावरून ओघळतो, बरणीत पाणचट रस्सा साचतो, मीठ पातळ होतं आणि किमची मऊ पडते. एक पान खाऊन बघा. कोशिंबिरीइतकं, पण थोडं जास्तच खारट लागलं पाहिजे. तोंड वेडंवाकडं होत असेल तर आणखी एकदा धुवा.

मसाल्याची सुरुवात पेजेपासून. दोन मोठे चमचे चिकट तांदळाचं पीठ तीनशे मिलिलिटर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवा, बुडबुडे येऊन चकाकी आली की उतरवा आणि पूर्ण गार करा. मसाला पानाला धरून राहतो तो या पेजेमुळे. शिवाय आंबवणाऱ्या जिवाणूंना सुरुवातीचं खाद्य तिथूनच मिळतं. गार पेजेत १०० ग्रॅम गोचुगारू, म्हणजे बिया काढलेल्या कोरियन मिरचीची भरड, घालून वीस मिनिटं भिजू द्या. रंग तेव्हा खुलतो. मग साठ ग्रॅम लसूण, दहा ग्रॅम आलं, अर्धा कांदा आणि पाव नासपती वाटून घाला. आल्याचं प्रमाण वाढवू नका. ताजी असताना ती किमची छान लागते, पण मुरल्यावर कडवट होते. त्यावर साठ मिलिलिटर माशाचा सॉस, ४० ग्रॅम सेउजॉत, चारशे ग्रॅम मुळ्याच्या बारीक काड्या आणि शंभर ग्रॅम कांद्याची पात.

सेउजॉत म्हणजे मिठात महिनोन्‌महिने आंबवलेली बारीक कोळंबी. कोकणातला सुका जवळा त्याच्या जागी चालत नाही, कारण तो वाळवलेला असतो, आंबवलेला नसतो. हवं तर पेजेच्या पाण्यात जवळा उकळून गाळून घ्या, खोली येते. शाकाहारी घरांनी मात्र अडून बसायचं कारण नाही. कोरियातल्या बौद्ध मठांत मासे तर नाहीतच, लसूण-कांदाही वर्ज्य, आणि तरी तिथली किमची नावाजलेली आहे. समुद्री शेवाळ्याची वाळवलेली पट्टी आणि सुकी शिताके अळिंबी उकळून त्या पाण्याची पेज करा. माशाच्या जागी चार मोठे चमचे सूप-सोयासॉस (रश्शात घालायचा, फिक्या रंगाचा खारट कोरियन सोयासॉस) आणि एक छोटा चमचा मीठ. गोचुगारू नसेल तर बाजारची बारीक काश्मिरी पूड टाळा, तिचा चिखल होतो. सुकी ब्याडगी बिया काढून भरड दळा आणि ७० ग्रॅमपासून सुरुवात करा. गोचुगारूचा गोडसर, फळासारखा वास तिला नसतो, पण किमची चांगली होते.

मसाला भरतानाही जोर देठांकडेच. बाहेरच्या पानापासून आत जात प्रत्येक देठाला चोळा, पानाच्या टोकाला हात नुसता पुसला तरी पुरे. शेवटच्या मोठ्या पानात सगळं गुंडाळा आणि बरणीत दाबून बसवा, मध्ये हवा राहू देऊ नका. बरणी तीन चतुर्थांशच भरायची. पुढे वायू सुटतो, रस वर चढतो, आणि काठोकाठ भरलेली बरणी फ्रिजभर लाल पाणी करते.

आणि आता गारवा. कोरियात हिवाळ्याच्या तोंडावर घरोघरी, शेजारीपाजारी मिळून वर्षाची मोठी किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने या परंपरेची नोंद केली. दिवसाचं सरासरी तापमान चार अंशांच्या खाली आणि रात्रीचं शून्याखाली उतरलं की किमजांगची वेळ आली, असा तिथला ठोकताळा. मातीचे ओंगी रांजण जमिनीत पुरायचे, म्हणजे आत ना बर्फ होतो ना ऊब चढते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी तेच काम पुढे किमचीच्या खास फ्रिजने घेतलं. १९९५ मध्ये आलेल्या डिमचे या ब्रँडने तो घराघरांत नेला.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे कृतीतले आकडे पाठ करावे लागणार नाहीत. सुरुवातीला ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू वाढतात. ते आंबटपणाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतात, किमचीचा तो चुरचुरीत ताजेपणा त्यांचा. हे गारव्यात चांगलं काम करतात. ऊब मिळाली की आम्ल झपाट्याने वाढतं आणि लॅक्टोबॅसिलस गटातले जिवाणू वरचढ होतात, मग उरतो नुसता करकरीत आंबटपणा, आणि देठही लवकर मऊ पडतो. म्हणून वीस अंशांना बरणी एक-दोन दिवस बाहेर, पण मुंबईच्या उकाड्यात दहा-बारा तास पुरे. कडेला बुडबुडे दिसले आणि वास किंचित आंबूस झाला की थेट फ्रिजमध्ये, सर्वांत खाली, मागच्या बाजूला. दोन-तीन आठवड्यांनी ती खरी रंगात येते.

दरवेळी काढून झालं की उरलेली दाबून रसाखाली घाला. वर पांढरा पातळ साय धरली तर ते बहुतेक यीस्ट असतं, तेवढं काढून टाका. काळी, हिरवी किंवा गुलाबी केसाळ बुरशी दिसली तर बरणीच टाकून द्या. लसूण कधी निळसर-हिरवा होतो, त्याने काही बिघडत नाही.

महिन्याभराने किमची नुसती खायला फार आंबट वाटू लागते. ती टाकू नका, किमची-चिगेला, म्हणजे किमचीच्या गरम रश्श्याला, हीच लागते. नव्या किमचीचा चिगे सपक होतो. पातेल्यात दीडशे ग्रॅम डुकराच्या पोटाकडचं मांस त्याच्याच चरबीवर परता, शाकाहारात तिळाचं तेल आणि शिताके. त्यात तीनशे ग्रॅम चिरलेली किमची घालून सहा-सात मिनिटं चांगली परता. ही पायरी गाळली तर आम्लामुळे कोबी शिजूनही चिवट राहतो. अर्धी वाटी किमचीचा रस आणि अर्धा लिटर तांदळाचं दुसरं धुवण घाला. पहिल्या धुवणात धूळ असते, दुसऱ्यात स्टार्च स्वच्छ उतरतो आणि रस्सा गोलसर होतो. वीस मिनिटं उकळा, चव घ्या, फार आंबट असेल तर अर्धा चमचा साखर. शेवटच्या पाच मिनिटांत टोफूच्या जाड वड्या आणि पात.

सोबत भात हवाच, आणि तो मोकळा नको. आपला इंद्रायणी इथे बासमतीपेक्षा कितीतरी जवळचा. तीन-चार पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजवून पूर्ण निथळा, आणि भिजलेल्या तांदळाच्या मापाइतकंच पाणी घालून झाकणाखाली शिजवा. आच बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण काढू नका. मग उलथण्याने तळापासून हलक्या हाताने वर-खाली करा, वाफ आतच राहिली तर खालचा भात ओला होतो.