शेवटच्या बसच्या आधीचे तास

चोपडा तालुक्यात ऑक्टोबर लागला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटू लागतो. उत्तरेला सातपुड्याची रांग आणि दक्षिणेला तापी, यांच्यामधल्या या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात एका माध्यमिक शाळेच्या मागच्या इमारतीत, शाळा सुटल्यावरही आठवड्यातून दोनदा एका खोलीचे दिवे चालू राहतात. त्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने एक मोठा पांढरा कागद चिकटवलेला आहे. त्यावर पेन्सिलीने आखलेले चौकोन आहेत, त्यांतले काही खोडून पुन्हा लिहिलेले आहेत, आणि वरच्या कोपऱ्यात एक आकडा ठळकपणे लिहिला आहे: ७८. हे निवेदन त्या आकड्याविषयी आहे.

ही खोली म्हणजे शाळेची अटल टिंकरिंग लॅब. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून देशभरातल्या शाळांना अशा प्रयोगशाळा मिळू लागल्या आणि त्यातूनच थ्रीडी प्रिंटर, मोटारी, सेन्सर ही सामग्री खेड्यातल्या शाळांपर्यंत आली. सामग्री आली, पण तिच्यासाठी दिवसाचे तास कोठून आणायचे, हा प्रश्न प्रत्येक शाळेला आपापल्या गावाकडे पाहून सोडवावा लागतो.

येथील संघात आठवी ते दहावीचे बारा विद्यार्थी आहेत. त्यांनी फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबोट स्पर्धेची तयारी चालवली आहे. या स्पर्धेचा नवा खेळ दरवर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर होतो, संघात जास्तीत जास्त पंधरा विद्यार्थी चालतात आणि सामना सुरू होताना रोबोट १८ इंचांच्या घनात मावावा लागतो. सामना अवघ्या अडीच मिनिटांचा असतो. पहिली तीस सेकंदे रोबोटने स्वतःच्या प्रोग्रामवर चालायचे असते आणि उरलेली दोन मिनिटे विद्यार्थी त्याला हातातल्या कंट्रोलरने चालवतात. या अडीच मिनिटांसाठी जानेवारीच्या अखेरपर्यंत किती वेळ हाताशी आहे, याचा हिशेब संघाने दोनदा मांडला.

पहिला हिशेब ऑगस्टमध्ये झाला आणि तो उत्साहाने केलेला होता. वीस आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास, म्हणजे २०० तास. कागदावर हा आकडा फार समाधान देणारा होता. सरावासाठी म्हणून तो दोन आठवडे पाळून पाहिला, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात सहा वाजल्यानंतर खोलीत फक्त गावातले चार विद्यार्थी उरू लागले. बाकीचे आठ जण आसपासच्या गावांतून एसटीने येतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मार्गावरची शेवटची बस साडेसहाला शाळेजवळच्या थांब्यावर येते. मुलींना एसटीचा शाळेपर्यंतचा प्रवास मोफत आहे, मुलांना पासासाठी एक तृतीयांश भाडे पडते, त्यामुळे बस चुकली तर रिक्षाचे भाडे हा घरच्या खर्चात न बसणारा भार ठरतो. शिवाय अंधारात एकट्याने घरी जाण्याचा प्रश्न असतोच. त्या आठवड्यात बोलावलेल्या पालकसभेत संघाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी रोबोटविषयी बरेच सांगितले. सगळे ऐकून घेतल्यावर मागच्या बाकावरच्या एका वडिलांनी अहिराणीत एवढेच विचारले, ‘‘पोर घर कव्हय येई?’’ (पोर घरी केव्हा येईल?) माझ्या मते वेळापत्रकाची खरी सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

दुसऱ्या वेळी संघाने उलटीकडून मोजले. जानेवारीच्या अखेरपासून मागे येत प्रत्येक आठवड्यावर बोट ठेवले आणि जो आपला नाही तो खोडला. गणेशोत्सवाचा एक, सहामाही परीक्षेचे दोन, दिवाळीच्या सुट्टीचे दोन, स्नेहसंमेलनाचा एक आणि दहावीच्या पूर्वपरीक्षेचे दोन, कारण त्या पंधरवड्यात लॅबमध्ये परीक्षेचे बाक लागतात. वीसमधून आठ गेले, बारा उरले. शाळा पाचला सुटते आणि बस साडेसहाला आहे, म्हणून मंगळवारी व गुरुवारी सव्वा-सव्वा तास. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा डबा खाऊन दुपारी बारा ते चार. आठवड्याचे साडेसहा तास, बारा आठवड्यांचे ७८. सरांनी तो आकडा कोपऱ्यात लिहायला लावला आणि प्रत्येक बैठकीनंतर त्यातून वापरलेले तास वजा करण्याचे काम आठवीतल्या एका मुलाकडे दिले. (विद्यार्थी ‘बैठक’ हा शब्द वापरत नाहीत, ते ‘लॅबचा दिवस’ म्हणतात.)

दिवाळीच्या सुट्टीबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. शहरातल्या संघांना ही सुट्टी म्हणजे सलग कामाचे दिवस वाटतात आणि सरांच्या पहिल्या आराखड्यातही तिथे रोज सहा तास धरलेले होते. परंतु खानदेशात कापसाच्या वेचणीचा जोर नेमका याच दिवसांत असतो. मजूर मिळाले नाहीत तर घरातली सगळी माणसे शेतात उतरतात, त्यात शाळेतली मुलेही असतात, आणि फुटलेला कापूस अवकाळी पावसाच्या भीतीने झाडावर ठेवता येत नाही. अशा वेळी लॅबमध्ये येण्याची सक्ती केली असती तर विद्यार्थ्यांना घर आणि संघ यांतून एक निवडावे लागले असते. म्हणून ते दोन आठवडे पूर्ण रिकामे ठेवले गेले आणि त्याऐवजी दिवाळीच्या आधीची एक मुदत ठरली: सहामाही परीक्षा सुरू होण्यापूर्वी रोबोट मैदानावर पुढे, मागे आणि वळून चालला पाहिजे, मग तो दिसायला कसाही असो. हा निर्णय मला या कागदावरचा सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

माणसांचे तास ठरले तरी एक अडचण राहिली होती, ती रोबोटच्या तासांची. संघाकडे रोबोट एकच आहे. बांधणी करणाऱ्यांना तो उलटा करून स्क्रू आवळायचे असतात आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तो त्याच वेळी जमिनीवर चालवून पाहायचा असतो. सुरुवातीच्या दिवसांत निम्मे विद्यार्थी उरलेल्या निम्म्यांची वाट पाहत बसत, आणि सव्वा तासातला पाऊण तास असाच जाई. मग कागदावर रोबोटच्या नावाची स्वतंत्र ओळ आली. मंगळवारी तो बांधणीवाल्यांचा, गुरुवारी प्रोग्रामवाल्यांचा आणि शनिवारी दोघांचा. ज्या दिवशी रोबोट हातात नाही त्या दिवशी त्या गटाने काय करायचे, हेही लिहिलेले असते: मंगळवारी प्रोग्रामवाले मागच्या चाचण्यांच्या नोंदी तपासतात, गुरुवारी बांधणीवाले पुढच्या भागाचे पुठ्ठ्याचे नमुने कापतात.

विजेचाही हिशेब करावा लागला. थ्रीडी प्रिंटरवर एक मध्यम आकाराचा भाग छापायला काही तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर तोवर छापलेला भाग बहुधा वाया जातो. म्हणून छपाईचे काम शनिवारी सकाळी, शाळा भरतानाच, इन्व्हर्टरच्या जोडणीवर सुरू करून ठेवतात, म्हणजे दुपारी बैठक सुरू होईपर्यंत भाग तयार असतो. रोबोटच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत चार्जिंगला लावायच्या, हे कामही नावानिशी वाटून दिलेले आहे. ही कामे कोणाच्याही वेळात मोजली जात नाहीत, पण ती चुकली तर सगळ्यांचा दिवस जातो.

आता त्या विद्यार्थिनीविषयी, जिच्यामुळे कागदावरचा एक नियम तयार झाला. ती नववीत शिकते आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीतून येते. तिच्या वाटेवरची बस सायंकाळी पावणेसहाला निघते, म्हणजे मंगळवारी आणि गुरुवारी तिला जेमतेम अर्धा तास मिळतो. संघातला प्रोग्रामिंगचा सर्वांत चांगला विचार तिचा आहे, आणि तिच्या पाठीमागे झालेल्या एका गुरुवारी रोबोटचा सेन्सर पुढून मागे हलवला गेल्याने तिने लिहिलेला पहिल्या तीस सेकंदांचा प्रोग्राम पूर्ण निरुपयोगी झाला. ती रागावली नाही. वही काढून पहिल्यापासून लिहू लागली. पण तेव्हापासून असे ठरले की रोबोटचा आकार, चाके किंवा सेन्सरची जागा बदलणारा कोणताही निर्णय शनिवारीच, सगळे हजर असताना होईल. शनिवारचा पहिला तास संगणकावर तिचा असतो, कारण घरी संगणक नसल्याने ती आठवडाभर प्रोग्रामच्या पायऱ्या वहीत हाताने लिहून आणते. या नियमामुळे काही सुधारणा चार-पाच दिवस उशिरा होतात आणि बांधणीवाल्यांना ते जड जाते, हे खरे आहे. तरीही मला वाटते की वेळापत्रक सर्वांत लांबून येणाऱ्याला धरून आखले तरच बाराही जणांचा संघ राहतो.

दहावीचे पाच विद्यार्थी संघात आहेत. बोर्डाची परीक्षा २०२५ साली २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती, हे ध्यानात घेता जानेवारीत त्यांच्यावर किती ताण असेल ते सांगायला नको. म्हणून प्रत्येक कामाला सुरुवातीपासून दोन नावे आहेत, एक दहावीचे आणि एक धाकट्या वर्गाचे. डिसेंबर संपताना दहावीच्या विद्यार्थ्यांनी हत्यार खाली ठेवून फक्त प्रश्नांची उत्तरे द्यायची आहेत. प्रत्येक बैठकीची शेवटची पंधरा मिनिटे आवराआवर आणि नोंदवहीसाठी राखलेली आहेत ती याच कारणाने. स्पर्धेच्या परीक्षकांना द्यायचा अहवाल जास्तीत जास्त पंधरा पानांचा असतो आणि तो याच नोंदींतून उतरणार आहे. छत्तीस बैठकांची ही पंधरा-पंधरा मिनिटे एकत्र केली तर नऊ तास होतात. ७८ मधून नऊ तास लिहिण्याला देणे सुरुवातीला कोणालाच पटले नव्हते.

आणि शेवटचे तीन शनिवार चालवण्याच्या सरावाचे आहेत. त्यांवर लाल शाईने चौकट आहे, बाकी सगळा कागद पेन्सिलीचा असला तरी. काम मागे पडले की सर्वांत आधी सरावाचे दिवस खाल्ले जातात, हे सरांनी इतर संघांबाबत पाहिले होते. अडीच मिनिटांचा एक सामना खेळायचा तर मैदान मांडणे, बॅटरी बदलणे, काय चुकले ते लिहिणे हे धरून एका तासात पाचच सामने होतात. बारा तासांत साठ. म्हणजे रोबोट प्रत्यक्ष चालणार तो सगळा मिळून अडीच तास.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला शनिवार. चार वाजायला पंधरा मिनिटे आहेत आणि झाडू, स्क्रूचे डबे, वायरींची भेंडोळी आपापल्या जागी जात आहेत. रोबोटचा हात आज दोनदा अडकला, त्याची नोंद वहीत झाली आहे, दुरुस्ती मंगळवारच्या चौकोनात लिहिली आहे. आठवीतला मुलगा स्टुलावर चढतो, कोपऱ्यातला आकडा खोडतो आणि तेथे २६ लिहितो. सातपुड्याकडे जाणारी मुलगी दप्तर पाठीला लावून एकदा कागदाकडे पाहते, मंगळवारची ओळ वाचते आणि बांधणीवाल्यांना विचारते की हाताची लांबी तर बदलणार नाही ना. नाही, असे उत्तर येते, फक्त दोरी बदलू. ती थांब्याकडे निघते.